कूलर इकडे फिरवा

या रविवारी सकाळी शेजारच्या गच्चीवरून शांताकाकूंचा कूलर उतरला. आधी जिन्यात धप्प आवाज झाला, मग "सांभाळ गा, बोटं चेंगरतीन!" अशी आरोळी, मग पत्र्यावर नळीचं पाणी मारल्याचा तडतडाट. आमच्या नागपुरात उन्हाळा असा येतो. कॅलेंडर काहीही म्हणो, ज्या दिवशी कूलर खाली येतो आणि वर्षभराची धूळ अंगणातून वाहून जाते, त्या दिवशी आमचा उन्हाळा सुरू. जुनं गवत काढायचं, जाळ्यांत नवं भरायचं, पंप चालतो का बघायचं, आणि तो चालत नाही म्हणून नवऱ्यावर चिडायचं. संध्याकाळी कूलर खिडकीत लागतो आणि ओल्या गवताचा वास घरभर होतो. मला विचाराल तर त्या वासापुढे मी कुठलंही अत्तर उभं करणार नाही.

यंदा कूलरच्या पाठोपाठ दुसराही आवाज आला. गल्लीच्या तोंडाशी प्रचाराचा ऑटो येऊन उभा राहिला आणि भोंगा गरजायला लागला. बंधू आणि भगिनींनो काय, विकास काय, अमूल्य मत काय! मी अंगणात गवताचा भारा सोडत बसले होते. हातातलं गवत हातातच राहिलं आणि मला हसू फुटलं.

"काहून हसून राहिली वं?" कुंपणापलीकडून शांताकाकूंनी विचारलं.

"काही नाही काकू. दोन्ही मोसम सोबतच आले."

"येऊ दे नं. या टाइमले आपली टाकी भरून हाये."

यावर आम्ही दोघीही पोट धरून हसलो. ते हसू तुम्हाला कळायचं तर मागच्या उन्हाळी निवडणुकीत जावं लागेल.

प्रताप नगरच्या मागच्या अंगाला आमचा ले-आऊट आहे. कधीकाळी इथे संत्र्याची बाग होती म्हणतात. बाग गेली, झाडं गेली, प्लॉट पडले, घरं झाली, पण बागेची विहीर मात्र मोकळ्या जागेत तशीच राहिली. आम्ही राहायला आलो तेव्हा ती कचऱ्याने अर्धी भरलेली होती. घरातलं निर्माल्य, फुटकी बादली, तुटकी चप्पल, जे कुणालाच नको ते विहिरीत, असा रिवाजच होता. महापालिकेचा नळ सकाळी यायचा, पण पुढच्या घरांच्या टाक्या भरता भरता त्याचा जीव अर्धा व्हायचा. आमचं घर शेवटून दुसरं. आमच्याकडे करंगळीएवढी धार. काकूंचं घर सर्वात शेवटचं, त्यांच्या नळातून नुसता सूंऽऽ असा वारा.

आता पाण्याविना माणूस टँकरवर कसेबसे दिवस काढतो, पण कूलर नाही काढत. कूलर म्हणजे दारात बांधलेली म्हैस, सारखं पाणी मागणारी. आणि काकूंच्या घरी कूलर ही चैन नव्हती. मनोहरकाकांना लकवा मारला होता. बुटीबोरीच्या कारखान्यात उभी हयात यंत्रांच्या आवाजात घालवलेला हा बोलका, हसरा माणूस, त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उन्हाळ्यात खोली थंड राहिलीच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काका डाव्या हाताने बोलायचे. एक बोट म्हणजे कूलर हळू, दोन बोटं म्हणजे जोरात, मूठ म्हणजे बंद. भर दुपारी टाकी कोरडी पडायची, पंप खोकायला लागायचा, आणि कूलरमधून भट्टीसारखा वारा सुटायचा. काका दोन बोटं वर करून पडून राहायचे. काकू स्वतःच्या अंघोळीसाठी ठेवलेली बादली उचलून टाकीत ओतायच्या. त्या अख्ख्या वैशाखात मी त्या बाईच्या अंगावर ताजं धुतलेलं लुगडं पाहिलं नाही. मला ते बघवत नसे, आणि माझ्या नळाला करंगळीएवढी धार आहे याचीही लाज वाटायची.

काकूंचं एकच मागणं होतं, विहीर उपसून द्या. प्यायला नको, वापरायला पाणी होईल, शेवटच्या घरांचे कूलर चालतील. त्यासाठी त्या किती ठिकाणी जाऊन आल्या! जिथे गेल्या तिथे एकच उत्तर मिळालं, "निवडणूक होऊ द्या, मग बघू." आणि मग कळलं की खुद्द उमेदवारच आमच्या ले-आऊटमध्ये येणार आहेत. ते दिल्लीसाठी उभे होते की मुंबईसाठी की गल्लीसाठी, याच्याशी काकूंना काही घेणंदेणं नव्हतं. मोठा माणूस दारात येतोय, त्याच्या कानावर विहीर घालायची, एवढंच त्यांनी धरलं होतं.

इथे आमचे हे पुढे सरसावले. हे म्हणजे आमच्या ले-आऊटचे बिनविरोध सेक्रेटरी. बिनविरोध अशासाठी की दुसऱ्या कुणाला ते पद नकोच असतं. ह्यांचं निरीक्षण असं होतं की आमच्याकडे येणारा प्रत्येक पुढारी दोन मिनिटांत पळतो, कारण आमची हवा त्याला भाजून काढते.

"माणूस गार बसला की निवांत ऐकते," ह्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. "आपण स्टेजवर कूलर लावू. घरोघरचे."

मला तेव्हाच शंका आली होती. पण ह्यांच्या डोक्यात कल्पना आली की ती नवतपाच्या भाजक्या नऊ दिवसांतल्या लूसारखी असते, वाहून जाईपर्यंत दार लावून बसावं.

आणि लोकांनी खरंच कूलर दिले! हे फक्त नागपुरातच होऊ शकतं. पाहुण्याला आम्ही पंचपक्वान्नं वाढू न वाढू, पण त्याची खुर्ची कूलरसमोर लावणार म्हणजे लावणार. भर उन्हाळ्यात, स्वतःची पोरं घामाने निथळत असताना, लोकांनी खिडक्यांतून कूलर काढले आणि ढकलत ढकलत विहिरीजवळच्या मांडवात आणले. सर्वात मोठा कूलर काकूंचा होता. काकांनी धडधाकट असताना स्वतः उभं राहून पत्रा कापून घेऊन बनवलेला, लोखंडी, दोन माणसांनाही न हलणारा. आम्ही "नको नको" म्हणालो.

"असू दे," काकू म्हणाल्या. "त्याले चांगला गार वारा लागला पाह्यजे. माह्या विहिरीचं नीट ऐकाव त्यानं."

त्या संध्याकाळपुरतं काकांना आमच्या हॉलमध्ये आणलं. आमचा लहानसा कूलर तेवढा आम्ही त्यांच्यासाठी घरी ठेवला. आणि काकूंनी टँकरचं साठवलेलं पाणी, सगळंच्या सगळं, त्या मोठ्या कूलरच्या टाकीत ओतलं. मी बघत होते. ओतताना त्यांचा हात जराही थांबला नाही.

सभेची वेळ पाचची. ऊन उतरायला आलं तरी गाड्यांचा पत्ता नाही. आम्ही बायका पुढच्या खुर्च्यांवर ओले दुपट्टे डोक्याला गुंडाळून बसलेल्या, पदराने वारा घेत. स्टेजवर माणूस नव्हता, पण कूलर मात्र सगळे चालू. रिकाम्या सोफ्याला असा झकास गार वारा लागत होता की मला त्या सोफ्याचा हेवा वाटला. टाक्या मध्ये एकदा पुन्हा भराव्या लागल्या. त्यासाठी कुणाकुणाच्या घरातल्या कळशा आल्या ते मी आठवत बसत नाही.

शेवटी आले! फटाके, घोषणा, धूळ. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कुडता, गळ्यात हार. सोफ्यावर टेकले आणि डोळे मिटून म्हणाले, "अहाहा!" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हेच निवडून आले.

पुढचं काय सांगू! साहेब माइकपाशी उभे राहिले, आणि माइकमधून त्यांच्या आधी कूलर बोलायला लागले. घुर्रर्रर्र! सगळ्या कूलरांचा आवाज माइकने पकडला आणि भोंग्यातून दामदुपटीने आमच्यावर सोडला. साहेबांचे ओठ हलताना दिसत होते. मधूनच "विकास" असं काहीतरी वर यायचं आणि पुन्हा घुर्रर्र. एवढ्यात समोरचा भाषणाचा कागद वाऱ्याने उचलला. त्यांच्या माणसांनी झडप घातली, पण कागद मांडवावरून फिरत गेला आणि विहिरीत पडला. बिनकागदाच्या साहेबांनी आमच्या ले-आऊटचं नाव म्हणून पलीकडच्या ले-आऊटचं नाव घेतलं. तेवढं नेमकं स्पष्ट ऐकू आलं. हारातल्या झेंडूच्या पाकळ्या उडून उडून पहिल्या रांगेतल्या आमच्या अंगावर येत होत्या. नव्या गवताचे कूलर पाण्याचे शिंतोडेही मारतात. तो इस्त्रीचा कुडता बघता बघता ओला होऊन पाठीला चिकटला. साहेब एकदा शिंकले, दोनदा शिंकले.

आता राहवेना म्हणून शांताकाकू उठल्या. खणखणीत आवाजात, हात जोडून, त्यांनी सगळं सांगितलं. नळ, वारा, विहीर, कूलर, अंथरुणावरचा नवरा. आम्हा सगळ्यांना शब्दन् शब्द ऐकू आला. साहेबांनी कानाला हात लावला, मान डोलावली, आणि हात उंचावून म्हणाले, "झालंच समजा मावशी!" मग शेजारच्या माणसाकडे वाकून त्यांनी काहीतरी विचारलं. त्या माणसाने खांदे उडवले. काकूंनी ते पाहिलं, आणि मीही पाहिलं.

दोन ग्लास पन्हं पिऊन, नाक पुसत साहेब गाडीत बसले. धूळ उडाली. संपलं.

मांडवात अशी अवकळा आली की विचारू नका. हे स्टेजच्या कोपऱ्यात, शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखे उभे. लोक उठायला लागले, कुणी खुर्च्या सरकवल्या, कुणी "चला बाप्पा, नुसता टाइमपास झाला," असं म्हणत दुपट्टा सोडला. मला रडू येत होतं. त्या टाकीतल्या पाण्याचा विचार डोक्यातून जात नव्हता. आता रात्र कशी काढणार ही बाई? काका दोन बोटं वर करतील, तेव्हा काय ओतणार?

आणि तेवढ्यात काकू गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी चढत स्टेजवर गेल्या.

आधी त्यांनी आपला कूलर फिरवायचा प्रयत्न केला. तो कसचा हलतोय! मग त्या माइकपाशी आल्या. जन्मात पहिल्यांदा. आणि म्हणाल्या, "कोणी हात लावन का? हे कूलर इकडे फिरवा. पब्लिककडे."

चार जण धावले. हेही धावले. एकेक कूलर करकरत वळला, आणि तो गार, ओला, गवताच्या वासाचा वारा आमच्या तोंडावर आला. "अव माय!" सगळ्या बायकांच्या तोंडून एकदमच निघालं. निघालेले लोक जागच्या जागी थांबले. कोण जाईल हो असल्या वाऱ्यातून? जे गेटपर्यंत पोहोचले होते ते परत येऊन बसले. काकूंनी माइकजवळचे कूलर स्वतःच्या हाताने बंद केले. घुर्रर्र थांबली. लांबचे दोन तेवढे चालू राहिले.

"त्याले आयकू नाही आलं," काकू म्हणाल्या. "कूलरचा आवाज होता. तुमाले तर आलं नं?"

खरंच, आम्हाला ऐकू आलं होतं. आणि त्या दिवशीच नाही, कित्येक उन्हाळे आम्हाला रोज ऐकू येत होतं. पंपाचं खोकणं, रिकाम्या बादलीचा आवाज, सगळं. फक्त ते ऐकायचं काम दुसऱ्या कुणाचं आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

"मंग सांगा," काकू म्हणाल्या, "विहीर कधी उपसाची?"

"रविवारी!" हे ओरडले. ह्यांच्या तोंडून इतका चांगला शब्द मी लग्नानंतर प्रथमच ऐकला. मग जी सभा झाली, तशी सभा मी आजवर पाहिली नाही. कुणाच्या शेतावर उपशाची मोटर होती, ती आणायची ठरली. कुणी विहिरीत उतरणारी जाणती माणसं बोलवायची जबाबदारी घेतली. मिहानच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या पोरींनी वर्गणीचं अंगावर घेतलं. आम्ही बायकांनी सर्वांना गोळाभात घालायचं ठरवलं, आणि गोळ्यात मिरची किती यावरून दोन गट पडले तेव्हा तर खरी निवडणूक असल्यासारखं वाटलं. मांडव भाड्याने घेतलेला होता साहेबांच्या लोकांनी, आणि तो पूर्ण संध्याकाळभर आमचा होता. त्या रात्री पुढच्या घरांतून न सांगता बादल्या आल्या. काकूंच्या कूलरची टाकी भरली.

रविवारी विहिरीतून काय काय निघालं! चपला, बॅटी, प्लास्टिकचा डोंगर, एक अख्खी सायकल. आणि तळाशी गाळात रुतलेला कुठल्याशा जुन्या निवडणुकीचा प्रचाराचा पत्रा. नाव गंजून गेलं होतं, चेहरा गेला होता, जोडलेले हात तेवढे शिल्लक होते. आम्ही इतके हसलो की खाली उतरलेली माणसं काय झालं म्हणून वर बघायला लागली. तोच पत्रा ठोकून हल्ली विहिरीच्या मोटरीवर छप्पर केलंय. पावसाळ्यात हात जोडून उभा असतो बिचारा.

गाळ निघाला तसा एका अंगाने झरा फुटला. आधी गढूळ, मग चहासारखं, मग एका सकाळी तळाचा दगड दिसेल असं नितळ पाणी. मी कठड्यावर ओणवून बघत होते. इतकी वर्षं आमच्या पायाखाली हे पाणी होतं, आणि आम्ही त्यावर चपला टाकत होतो! पहिली नळी कुणाकडे टाकायची यावर पुन्हा बैठक झाली. पुढच्या घरांतल्या लोकांनीच ठरवून टाकलं, "पहिली लाइन शेवटच्या घराले."

त्या दुपारी आम्ही सगळे काकूंच्या खोलीत दाटीवाटीने उभे होतो. नळी खिडकीतून आत आली, टाकीत धो धो पाणी पडलं, वरून सांडलं, फरशीवर आलं, कुणीही पुसायला धावलं नाही. काकूंनी बटण दाबलं. काकांनी आधी एक बोट वर केलं. मग दोन. मग सावकाश अख्खा पंजा उघडला, पाचही बोटं.

"अवं, पाचवर नाही चालत तो!" काकू ओरडल्या, आणि तोंडाला पदर लावून ओक्साबोक्शी रडल्या. रडता रडता हसत होत्या. मीही रडले. हे बाहेर जाऊन मोटर तपासतो म्हणाले, म्हणजे तेही.

साहेब निवडून आले की पडले, ते मी मुद्दामच सांगत नाही. आमच्या ले-आऊटपुरते आम्ही निवडून आलो होतो, आणि भरघोस मतांनी. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र गंमत झाली. एके सकाळी विहिरीपाशी मोठा फ्लेक्स लागलेला दिसला. "आमच्या प्रयत्नांना यश," वर साहेबांचा हसरा फोटो. आमचे हे तणतणत फाडायला निघाले. काकूंनी अडवलं.

"फाडू नको गा. चांगला जाड हाये. कूलरवर झाकाले होते."

तेव्हापासून काकांचा कूलर गच्चीवर गेला की साहेबांचा फ्लेक्स त्याला गुंडाळलेला असतो. पाऊस, थंडी, धूळ सगळं साहेब झेलतात. काही म्हणा, शेवटी ते आमच्या कामाला आले. परवा कूलर उतरला तेव्हा काकूंनी तो फ्लेक्स झटकून, नीट घडी घालून ठेवला, पुढच्या वर्षासाठी.

मी कधी कधी विचार करते, त्या दिवशी कूलर नसते आणि साहेबांना सगळं नीट ऐकू गेलं असतं, तर? त्यांनी "नक्की करू" म्हटलं असतं, आम्ही टाळ्या वाजवून घरी गेलो असतो, आणि अजूनही त्यांच्या "नक्की"ची वाट बघत बसलो असतो. ह्यांच्या त्या खुळ्या कल्पनेने साहेब बहिरे झाले आणि आमचे कान उघडले. हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर पुढची पाच वर्षं ऐकावं लागेल.

तर या रविवारी तो ऑटो गरजत गरजत आमच्या गल्लीत शिरला आणि काकूंच्या फाटकासमोर थांबला. गळ्यात दुपट्टा घातलेला एक कार्यकर्ता खाली उतरला. दुपार चढली होती. गवत बसवून कूलर नुकताच खिडकीत लागला होता, आणि आत काकांचा डोळा लागला होता.

"काकू, यंदा साहेबांची सभा इथेच घ्यायची म्हणतो. विहिरीपाशी. मागच्या वेळेसारखे कूलर मिळतील ना?"

"भेटतीन नं," काकू म्हणाल्या. "पण कूलरचं तोंड पब्लिककडे राहीन. साहेबाले गार वारा पाह्यजे असन तर खाली आमच्यात येऊन बसाव त्यानं. आमी काय म्हणतो ते तिथूनच चांगलं आयकू येते."

त्या गृहस्थाने हळूच मान हलवली.

"आणि भाऊ, तो भोंगा बंद कर गा. आमचे हे झोपून राहिले."

"हाव काकू," तो म्हणाला, आणि ऑटोवाल्याला खूण केली.

प्रचाराची गाडी आमच्या गल्लीतून एक शब्द न बोलता गेली. मी गवत हातात घेऊन उभी होते. काकूंच्या खिडकीतून कूलरचा आवाज येत होता, आणि त्याची टाकी काठोकाठ भरलेली होती.